एकाच परसात हिरवळ आणि चेरी टोमॅटो: कोणाला काय, कधी आणि किती

पाइप एकच असतो, ही खरी अडचण. संध्याकाळी अंगणात उभं राहून आधी लॉनवर पाणी मारायचं, मग त्याच ओघात पाइप वळवून टोमॅटोला अंघोळ घालायची. महिन्यातून एकदा युरियाचा डबा उघडायचा, मूठभर गवताला आणि उरलेला टोमॅटोला. फेब्रुवारीत हिरवळ ठीक दिसते, टोमॅटोची झाडं कमरेएवढी, गर्द हिरवी आणि फळावाचून उभी असतात. किंवा डिसेंबरातच एकेक मान टाकू लागतात.

गवताकडून आपल्याला पान हवं असतं आणि टोमॅटोकडून फळ. बाकीचे सगळे फरक यातूनच येतात. गवताला वरून पाणी चालतं, टोमॅटोला पान ओलं झालेलं खपत नाही. गवत नत्र खाऊन सुधारतं, टोमॅटो नत्र खाऊन माजतो. गवताची लावणी पाऊस असताना होते, टोमॅटोची पाऊस गेल्यावर. गोव्यात साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, त्यामुळे घाटावरच्या लेखांतलं वेळापत्रक इथे उपयोगी पडत नाही. खालचा क्रम गोव्यातल्या चिऱ्याच्या, जांभ्या मातीच्या परसासाठी आहे.

टप्पा १: ऊन मोजा, पण योग्य महिन्यात

सगळ्यात महागात पडणारी चूक पहिलं फावडं मारण्याआधीच होते. माणसं मे महिन्यात परसात फिरतात, जिथे लख्ख ऊन दिसतं तिथे टोमॅटोचा वाफा ठरवतात. गोव्यात एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. सगळीकडेच ऊन असतं. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो की सहा मीटर उंचीच्या भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेला जवळजवळ पाच मीटर पडते, सकाळ-संध्याकाळी त्याहून लांब. टोमॅटोचा सगळा हंगाम याच महिन्यांतला. म्हणजे घराच्या उत्तरेला, मे महिन्यात झगझगीत दिसलेली जागा ऐन फुलोऱ्याच्या वेळी अंधारात जाते.

काम असं करा. घराच्या आणि कंपाउंडच्या भिंतींच्या दक्षिणेकडची मोकळी जागा टोमॅटोसाठी राखा. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या रविवारी सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता सावलीच्या कडेला काठ्या रोवून ठेवा. तीनही वेळा उन्हात असलेला भाग टोमॅटोचा. यंदाचा डिसेंबर हुकला असेल तर भिंतीच्या उंचीएवढं अंतर उत्तरेला सोडून मगच वाफा आखा.

गवताचं निराळं आहे. हरळीच्या जातीला दिवसाला सहा तास ऊन लागतंच. रुंद पानाचं गवत अर्ध्या सावलीत, माडांच्या झिरपत्या उन्हात तग धरतं. आंब्याच्या किंवा फणसाच्या दाट सावलीत कोणतंच गवत टिकत नाही. तिथे पैसे घालू नका, खडी टाका किंवा सावलीची झुडपं लावा.

*तपासा:* टोमॅटोच्या जागी हिवाळ्यात किमान सहा तास थेट ऊन आहे का? नसेल तर वाफा सोडून द्या आणि गच्चीवर ग्रो-बॅगचा विचार करा. पाच तासांच्या उन्हात पानं येतील, फळं मोजकीच.

टप्पा २: माती, आणि आधी तिथे काय होतं याची चौकशी

आपली जांभी माती बहुधा आम्लधर्मी असते, चुनखडी कमी. रुंद पानाच्या गवताला हे आवडतं, त्याच्या जमिनीत चुना घालायची घाई करू नका. टोमॅटोला मात्र मातीचा सामू (पीएच) ६ ते ६.८ च्या दरम्यान हवा. माती तपासून घेणं उत्तम; विभागीय कृषी कार्यालयात विचारलं तर त्याची सोय कळते. तपासणी न करता अंदाजानेच जायचं असेल तर टोमॅटोच्या वाफ्यात दर चौरस मीटरला २०० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट, लावणीच्या महिनाभर आधी मातीत मिसळा. त्याहून जास्त अंदाजाने नको. भिंतीला लावायचा कळीचा चुना तर मुळीच नको, तो दाहक असतो.

*सावध:* चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. दोघांची गाठ पडली की नत्र अमोनिया होऊन उडून जातं. चुना आधी, खत तीन-चार आठवड्यांनी.

आता चौकशीचा भाग. जिथे गेल्या दोन-तीन वर्षांत वांगी, मिरची, टोमॅटो किंवा बटाटे होते तिथे चेरी टोमॅटो लावू नका. किनारपट्टीच्या आम्लधर्मी, ओल्या, उबदार मातीत जिवाणूजन्य मर रोगाचे जंतू वर्षानुवर्षं राहतात आणि ही सगळी पिकं एकाच कुळातली. फोंड्याच्या घरी पहिल्या वर्षी मी बारा रोपं वांग्याच्याच जुन्या वाफ्यात लावली होती, कारण माती तिथे भुसभुशीत होती. डिसेंबरात आठ दिवसांत बाराही गेली. पानं हिरवीच, पण दुपारी लोंबलेली. मला वाटलं तहान लागली, मी पाणी वाढवलं, रोग आणखी पसरला.

हिरवळीच्या जागेत वेगळा त्रास असतो: बांधकामाचा राडारोडा. नवीन घराभोवती वरची चार बोटं माती आणि खाली सिमेंटचे गोळे, चिऱ्यांचे तुकडे. मार्चपर्यंत गवत छान दिसतं, मग बरोबर त्या तुकड्यांच्या आकाराचे पिवळे डाग उमटतात. १५ सेंटिमीटर खोल खणून सगळं वेचून काढा. त्यानंतर घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर उतार द्या. जुलैत पाणी साचलं तर गवताची मुळं कुजतात आणि शेवाळ जागा घेतं.

*तपासा:* खड्डा एक फूट खोल खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी चार तासांत जिरलं नाही तर निचरा कमी आहे. टोमॅटोसाठी तिथे निदान एक वीत उंच वाफा करा.

टप्पा ३: गवताची आणि बियाण्याची निवड

रोपवाटिकेत ‘मेक्सिकन’, ‘कोरियन’, ‘कार्पेट’, ‘बफेलो’ अशी नावं ऐकू येतात आणि ती दुकानागणिक बदलतात. नावावर जाऊ नका, पान बघा. बारीक, टोकदार पान आणि जमिनीलगत धावणारी गाठीदार खोडं म्हणजे हरळीची जात: ऊन, तुडवण, थोडं खारं पाणी सगळं सोसते, पण शेजारच्या वाफ्यात घुसण्यात पटाईत. मऊ, दाट, गादीसारखं बारीक गवत दिसायला सुरेख, वाढायला फार संथ. त्यात तण शिरलं की हाताने एकेक उपटावं लागतं. रुंद, बोथट पानाचं, रस्त्याकडेलाही आपोआप उगवणारं गवत गोव्याच्या हवेत सगळ्यात कमी कटकटीचं. मुलं क्रिकेट खेळणार असतील तर हरळी, माडाखाली रुंद पान. मऊ गादीच्या भानगडीत मी पडलो नसतो.

नदीकाठच्या, खाजनाजवळच्या (भरतीच्या खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतांजवळच्या) घरांच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. तिथे रुंद पानाचं गवत करपतं, टोमॅटोही सोसत नाही, हरळी निभावते.

चेरी टोमॅटोचं बी पाकिटातलं घ्या. सुपरमार्केटच्या डबीतलं फळ पिळून बी काढण्याचा मोह होतो, पण ती फळं बहुधा संकरित वाणाची असतात. पुढच्या पिढीत कुणी आंबट निघतं, कुणी जाड सालीचं. जमिनीत मर रोग आहे हे ठाऊक असेल तर दोनच वाटा: वांग्याच्या प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं, किंवा नव्या मिश्रणाच्या ग्रो-बॅग. चेरीचाच हट्ट नसेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’ आणि ‘अर्का सम्राट’ हे वाण मर रोगाला दाद देत नाहीत, पण ते नेहमीच्या आकाराचे टोमॅटो.

टप्पा ४: हिरवळ लावणे

जमीन मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. नंतर दोनदा भरपूर पाणी मारा, तण उगवू द्या आणि उपटा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग वर्षभर लव्हाळा, लाजाळू आणि टायकिळा उपटत बसतात. टायकिळ्याची भाजी तरी होते.

लव्हाळ्याच्या खाली काळी गाठ असते, ती निघाली तरच उपटलं म्हणायचं.

मग कुजलेलं शेणखत दर चौरस मीटरला दोन-तीन किलो मिसळून, फळीने सपाट करून लावणी. गवताच्या मातीसकट कापलेल्या तयार लाद्या आणणार असाल तर जूनचा पहिला पंधरवडा चालतो. गवताच्या काड्या टोचून लावणार असाल तर जुलै टाळा. सरी इतक्या जोरात येतात की काड्या आणि माती दोन्ही गटारात. ऑगस्टच्या अखेरीस, पावसाचा जोर ओसरल्यावर, १०-१२ सेंटिमीटर अंतराने टोचा. मुळं धरायला दीड महिना पाऊस हाताशी राहतो.

लाद्या विटांसारख्या सांधे चुकवून लावा, फटीत चाळलेली माती भरा, वरून पाय देऊन किंवा रूळ फिरवून दाबा. लादीखाली हवा राहिली की तेवढा तुकडा वाळतो.

*तपासा:* दहा दिवसांनी लादीचा कोपरा हलकेच उचला. सुटून आला तर मुळं धरलेली नाहीत, चालणं बंद ठेवा. कापणी पहिल्यांदा सहा-सात सेंटिमीटर उंची झाल्यावर.

टप्पा ५: टोमॅटोची रोपं आणि लावणी

बी चवथ (गणेश चतुर्थी) आटोपल्यावर, २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान पेरा. प्रोट्रेमध्ये (रोपांच्या खणाखणांच्या ट्रेमध्ये) कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं, एका खणात एक बी, अर्धा सेंटिमीटर खोल. ट्रे पडवीत, जिथे सकाळचं ऊन येतं पण पाऊस लागत नाही. आठवड्यात उगवतं. उगवल्यावर पाणी कमी करा. कोकोपीट कायम चिंब राहिलं की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी होतात.

२५-३० दिवसांनी चार-पाच खरी पानं आली की लावणी. त्याआधी आठवडाभर ट्रे रोज थोडा जास्त वेळ उन्हात ठेवा आणि पाणी किंचित आखडा. ही सवय न लावलेली रोपं पहिल्याच दुपारी पांढरी पडतात. परतीचा पाऊस गडगडाटासह येत असेल तर थांबा. आठ दिवस उशिरा लावलेलं रोप पुढे गाठतं, चिखलात लावलेलं गाठत नाही.

लावणी उतरत्या उन्हात, संध्याकाळी. दोन रोपांत ६० सेंटिमीटर अंतर. खड्ड्यात ओंजळभर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत कालवून टाका. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलं की मुळं फुटतात, म्हणून रोप पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल लावा.

*सावध:* कलमी रोप कधीही खोल लावू नका. जोड मातीवर तीन-चार बोटं राहिला पाहिजे. वरच्या टोमॅटोला मुळं फुटली की खुंटाची प्रतिकारशक्ती वाया गेली.

आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा, दोन मीटरची. महिन्याने रोवायला जाल तर मुळं तोडाल. चेरी टोमॅटो बहुधा वेलीसारखा वाढत राहतो. दुधी-पडवळीसाठी माटव घालतो तसा पक्का आधार हवा. सुतळी खोडाला आवळून नव्हे तर आठच्या आकड्यात, ढिली.

गच्चीवर करणार असाल तर ४० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल पिशवी, एका पिशवीत एकच झाड. माती, कुजलेलं खत, कोकोपीट समभाग. माती परसातल्या वांग्याच्या वाफ्यातली नको, नाहीतर रोग उचलून गच्चीवर नेल्यासारखं होईल.

टप्पा ६: पाणी

हिरवळीला पाणी क्वचित पण खोल द्यायचं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं शिंपडलं की वरची दोन बोटं ओली होतात, मुळं तिथेच घुटमळतात आणि एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं की सगळं पिवळं. पहाटे किंवा सकाळी, दोन-तीन दिवसांआड, १० मिलिमीटर द्या. १० मिलिमीटर म्हणजे किती ते कसं कळणार? स्प्रिंकलरखाली तीन-चार रिकामे डबे ठेवा, पाव तासाने पट्टी घालून पाणी मोजा. एकदा हिशेब कळला की पुन्हा मोजायला नको.

पाणी हवं आहे का हे पाऊल सांगतं. गवतावर चाला, मागे वळून बघा. पाते उठून उभे राहिले तर गरज नाही, पावलाचा ठसा तसाच राहिला तर आज द्या. दिल्यानंतर लांब स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, चार बोटं सहज गेला तर पाणी पोचलं.

टोमॅटोला पाणी बुडाशी, सकाळी, आणि एकसारखं. ठिबक उत्तम, नसेल तर झारीचं तोंड काढून. पानं ओली करू नका, रात्री तर नाहीच, कारण करप्याचे डाग ओल्या पानावरच वाढतात. शिंतोड्यांनी उडालेली मातीही रोग पानावर चढवते, म्हणून खालची वीतभर उंचीची पानं काढून टाकायची आणि बुडाशी आच्छादन घालायचं.

फळाच्या खालच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की लोक औषध फवारतात. तो रोग नाही. झाडाला कॅल्शियम पोचलं नाही, आणि बहुतेक वेळा माती सुकली-भिजली, सुकली-भिजली म्हणून पोचलं नाही. तसंच दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की चेरीची साल तडकते.

एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात हिरवळीला रोज चार मिलिमीटर धरलं तर ५० चौरस मीटरला दिवसाला २०० लिटर. फळांवर आलेल्या टोमॅटोला रोज दोन-तीन लिटर, म्हणजे दहा झाडांना ३० लिटरच्या आत. टँकर मागवायची पाळी येणाऱ्या वाड्यावर राहत असाल तर हिरवळ किती मोठी ठेवायची हे इथेच ठरवा.

टप्पा ७: खत

हिरवळीला: दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, कापणीनंतर, गवत कोरडं असताना वाळूत मिसळून फेकायचं आणि लगेच पाणी द्यायचं. सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी एवढं पुरे. जून-जुलैत घातलेला युरिया ओहोळात जातो. ओल्या पात्यावर पडला तर पातं जळतं.

टोमॅटोला: युरिया नाहीच. पहिले तीन-चार आठवडे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, आठवड्यातून एकदा. पहिला फुलोरा दिसताच बदल करा: १३:०:४५ त्याच प्रमाणात. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं असेल तर वेगळ्या दिवशी, दुसऱ्या खतात न मिसळता, नाहीतर बादलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. सेंद्रियच करायचं असेल तर शेणखताबरोबर चुलीची राख, झाडाला महिन्यातून अर्धी मूठ. राखेत पालाश असतं.

*तपासा:* झाड गर्द हिरवं, खोड अंगठ्याएवढं, पानं आत वळलेली आणि फूल नाही? नत्र जास्त झालं. खत तीन आठवडे बंद. आणि बघा, हिरवळीला दिलेला युरिया उतारावरून वाहत वाफ्यात येतोय का. उताराच्या खालच्या बाजूला वाफा असलेल्या परसात हे हमखास होतं.

टप्पा ८: कापणी आणि छाटणी

गवत एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. हरळी तीन-चार सेंटिमीटरवर, रुंद पानाचं गवत पाच-सहावर ठेवा. पावसात वाढ सुसाट असते आणि कोरडा दिवस मिळत नाही. गुडघाभर झालेलं गवत उघडीप मिळताच एका दमात बुडापासून उडवलं की खालची पिवळी खोडं उघडी पडतात आणि महिनाभर परस टक्कल पडल्यासारखं दिसतं. दोन हप्त्यांत कापा. खांद्यावरच्या ब्रशकटरने हिरवळ कापायला देऊ नका, तो कडेसाठी. सपाट कापायला चाकाचं यंत्रच लागतं, आणि पातं धारदार हवं. कापल्यावर टोकं पांढरट, फाटकी दिसली तर धार गेली आहे.

टोमॅटोत पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारी बगलफूट बोटभर असतानाच खुडा, सकाळी, कात्री न वापरता. दोन खोडं वाढू दिली तरी चेरीला चालतं. सगळ्याच फुटी राखल्या तर जंगल होतं. शेंडा बघूनच खुडा, घाईत मुख्य शेंडाच तोडणारे मी अनेक पाहिले आहेत, त्यात मीही आहे.

फुलं येऊन गळत असतील तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलांचा घोस टिचकी मारून हलवा, पराग सुटतो. एप्रिलमध्ये रात्री उकडायला लागल्यावरची फूलगळ मात्र टिचकीने थांबत नाही.

टप्पा ९: झाड मान टाकतं तेव्हा

पाणी वाढवण्याआधी हे करा. संध्याकाळी बघा: ऊन उतरल्यावर झाड सावरलं तर तहान होती. सकाळीही लोंबलेलंच असेल तर बुडाजवळ खोड कापा, वीतभर तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा, कापलेलं टोक पाण्यात. काही मिनिटांत दुधासारखे धागे खाली उतरू लागले तर जिवाणूजन्य मर आहे. औषध नाही. झाड मुळासकट, भोवतालच्या मातीसह काढून पिशवीत बांधा, कंपोस्टमध्ये टाकू नका. तोच कोयता दुसऱ्या झाडाला लावण्याआधी स्पिरिटने किंवा ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करा. शेजारच्या झाडांना त्या खड्ड्यातून पाणी वाहत जाणार नाही असं बघा.

पानं वर मुडपून, आखडून, झाड खुजं राहिलं तर पांढरी माशी विषाणू देऊन गेली आहे; असं झाड काढा. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा, आणि कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिलिलिटर, दोन थेंब साबण घालून, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला फवारा. वाफ्याच्या कडेला झेंडू लावा, फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो.

हिरवळीत पिवळा पट्टा ओढला की गालिचासारखा सुटून आला, तर खाली पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली अळी असते. तिचं नाव हुमणी. गोव्यात हे नाव उच्चारलं की ताटातलं हुमण (माशांची आमटी) आठवतं, पण ही खायची नव्हे. हाताने वेचा, किंवा पट्टा उलटून ठेवा. साळुंक्या उरलेलं काम करतात.

टप्पा १०: दोघांमधली सरहद्द

हरळी वाफ्यात शिरणारच. दोघांच्या मध्ये चिरे उभे गाडा, निदान वीतभर खोल, आणि वर चार बोटं ठेवा. त्यालगत फूटभर पट्टी मोकळी राखून महिन्यातून एकदा फावड्याने कापा.

तणनाशकाची गोष्ट गंभीर आहे. रुंद पानाचं तण मारायला हिरवळीवर २,४-डी मारतात, आणि त्याच्या नुसत्या वाऱ्याने टोमॅटो पिळवटतो: शेंडा दोरीसारखा वळतो, पानं नेच्यासारखी बारीक होतात. लोक त्याला विषाणू समजतात. ओळखीच्या एका घरी लॉनवाल्याने सकाळच्या वाऱ्यात फवारणी केली आणि गच्चीवरचे टोमॅटोसुद्धा वाकडे झाले. टोमॅटो असेपर्यंत फवारणी नको, आणि फवारा मारायचा पंप टोमॅटोसाठी पुन्हा वापरू नका, कितीही धुतला तरी.

फवारणी न केलेल्या हिरवळीचं कापलेलं गवत टोमॅटोला उत्तम आच्छादन आहे. दोन दिवस फरशीवर पसरून वाळवा, मग तीन-चार सेंटिमीटर थर, खोडापासून चार बोटं दूर. ओलं, जाड घातलं तर तापतं, सडतं, चिलटं येतात. हरळीच्या गाठीदार काड्या त्यात असतील तर त्या वाफ्यातच रुजतात, म्हणून फक्त वरचं पातं.

टप्पा ११: उपयोग

हिरवळीचे उपयोग तसे थोडे: उतारावरची माती धरते, चिऱ्याची लाल धूळ घरात येत नाही, मुलांना पडायला मऊ. हरळी असेल तर चवथीला दूर्वा घरच्याच, पण त्या वर्षी फवारणी केली नसेल तरच. गुरांना कापलेलं गवत देतानाही तोच नियम. टोमॅटोचा पाला मात्र गुरांना घालू नका.

चेरी टोमॅटोची तोडणी जानेवारीत सुरू होते. रंग पूर्ण चढल्यावर, देठासकट, दोन-तीन दिवसांआड. पिकलेली ठेवलीत तर बुलबुल आणि खारी आधी येतात. घोसाला जाळीची पिशवी बांधा. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव मरते. भरपूर निघाले तर अर्धे कापून, मीठ लावून, फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात जाळीवर चार-पाच दिवस वाळवा. रोज संध्याकाळी आत घ्या, नाहीतर समुद्राची दमट हवा दिवसभराची मेहनत परत भिजवते. किलोचे शंभर ग्रॅमही उरत नाहीत. पूर्ण कडकडीत झाले की बरणीत भरून पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) फळीवर. तेलात बुडवून बाहेर ठेवू नका, ते फ्रिजमध्येच आणि आठवडाभरात संपवायचे.

टप्पा १२: मेच्या अखेरीस

टोमॅटोची झाडं पहिल्या सरीआधी मुळासकट काढा. वाफ्यात भेंडी, चवळी किंवा काकडी लावा, पुन्हा मिरची-वांगं नको. काठ्या धुऊन उन्हात वाळवा. हिरवळीला शेवटची कापणी द्या आणि कडेचे चर मोकळे करा. यंत्राचं पातं धार लावायला आजच टाका, जूनमध्ये सगळे एकदम जातात.